वानखेडेवर रात्रीचा सामना: गाडी कुठे लावायची आणि परत कसं यायचं?

शीळफाटा (प्रश्न)

वानखेडेवरच्या रात्री साडेसातच्या ट्वेंटी-२० सामन्याची चार तिकिटं आहेत, वार शनिवार. डोंबिवलीहून येणार: आम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांचे वडील. वडील सपाट रस्त्यावर सावकाश दीड किलोमीटर चालतात, पण जिने चढवत नाहीत.

विचारायचं ते असं:

१. स्टेडियमजवळ गाडी लावायची सोय आहे का? नसेल तर सर्वांत जवळ, पावती मिळेल अशी जागा कुठली?
२. लोकलने गेलो तर सीएसएमटीला उतरायचं की दादरला बदलून चर्चगेट गाठायचं?
३. मेट्रो ३ चर्चगेटपर्यंत सुरू झाली आहे. तिचा जाता-येता उपयोग होईल का?
४. सामना लांबला तर शेवटच्या गाडीचं गणित कसं बसवायचं?

"लवकर निघा" सोडून काहीही सांगा.

---

एकमार्गी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. वानखेडेला सामान्य प्रेक्षकासाठी वाहनतळ नाही. आवारात जातात त्या पासवाल्या गाड्या. वाहतूक पोलीस प्रत्येक मोठ्या सामन्याआधी एक-दोन दिवस अधिसूचना काढतात, त्यात हेच लिहिलेलं असतं: सोय नाही, सार्वजनिक वाहतूक वापरा.

अधिसूचनेतले रस्ते दर वेळी थोडेफार बदलतात, पण सांगाडा तोच. स्टेडियमभोवतीचे सी, डी, ई, एफ आणि जी रोड, मरीन ड्राइव्हचा समोरचा पट्टा, चर्चगेट ते मरीन ड्राइव्ह हा वीर नरिमन रोडचा तुकडा आणि दिनशॉ वाच्छा रोड, इथे दोन्ही बाजूंना पार्किंग बंद. डी रोड मरीन ड्राइव्हकडून आत असा एकदिशा होतो, पुढे ई रोडने दक्षिणेला सी रोड आणि सी रोडने परत बाहेर. म्हणजे "वडिलांना गेटवर सोडतो आणि गाडी लावून येतो" हा बेत करणारा माणूस त्या चौकोनात शिरला की फिरून पुन्हा मरीन ड्राइव्हवरच येतो, आणि तोवर मागे रांग लागलेली असते. सोडायचंच असेल तर चर्चगेट स्थानकाच्या अलीकडे, पूर्वेच्या बाजूला सोडा.

"पाच मिनिटांसाठी लावतो" हेही करू नका. त्या दिवशी टोइंगच्या गाड्या याच गल्ल्यांतून फिरतात. नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००, शिवाय उचलून नेल्याचे वेगळे. पैशांपेक्षा वाईट म्हणजे रात्री पावणेबारा वाजता गाडी कुठल्या चौकीला नेली ते शोधत फिरायचं.

जवळचं पावतीचं पार्किंग म्हणजे नरिमन पॉइंटचे महापालिकेचे 'पे अँड पार्क' रस्ते: बॅरिस्टर रजनी पटेल मार्ग, विनय के. शहा मार्ग, जमनालाल बजाज मार्ग. तिथून स्टेडियम दीड-दोन किलोमीटर. कामाच्या दिवशी पाच वाजता हे रस्ते ऑफिसच्या गाड्यांनी भरलेले असतात. साडेसहानंतर मोकळे होतात, पण तोवर मरीन ड्राइव्ह तुंबलेला असतो. तुमचा शनिवार आहे, चारच्या आत जागा मिळायला हरकत नाही.

पण तुम्ही डोंबिवलीचे. जाताना त्रास नाही, येताना आहे. नरिमन पॉइंटहून निघालात की स्टेडियमसमोरूनच उत्तरेला जावंसं वाटतं, आणि त्याच वेळी तेहतीस हजारांच्या क्षमतेचं मैदान त्याच रस्त्यावर रिकामं होत असतं. म्हणून पूर्वेच्या माणसाने पश्चिमेच्या काठाला गाडी लावूच नये. फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटला लावा. शनिवारी संध्याकाळी तिथली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात, आणि पूर्व मुक्त मार्गाचं तोंड पी. डी'मेलो रोडवर, म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावर. चेंबूरपर्यंत सिग्नल नाही. या तोंडाशी, ऑरेंज गेटपाशी मात्र मरीन ड्राइव्हला जोडणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, तेव्हा तिथे मार्गिका अरुंद झालेली असेल हे धरून चाला.

हॉर्निमन सर्कलच्या आसपास जागा मिळाली तर उत्तम. वीर नरिमन रोड तिथून सरळ हुतात्मा चौक ओलांडून चर्चगेटला जातो. एकच रस्ता, रुंद पदपथ, चुकायला वाव नाही. हॉर्निमन ते चर्चगेट सव्वा किलोमीटरच्या आसपास, पुढे स्टेडियम आणखी पाऊण.

---

मोटरमन_शेजारी

प्रश्न २, ३, ४ मी घेतो. गणित उलट्या बाजूने मांडा, घरून किती वाजता निघायचं तिथून सुरू करू नका.

कागदावर सामना असा: साडेसातला सुरू, प्रत्येक डाव ९० मिनिटं, मधे २० मिनिटं. म्हणजे १०.५०. प्रत्यक्षात आयपीएलचा सामना सव्वाअकरा-साडेअकराला संपतो, कारण षटकांची गती कोणी पाळत नाही, त्यात रिव्ह्यू, दुखापती, चेंडू पुसणं. सुपर ओव्हर आली तर आणखी वीस-पंचवीस मिनिटं.

शेवटच्या चेंडूनंतर उठलात तर खुर्चीपासून रस्त्यापर्यंत अर्धा तास धरा. वयस्कर माणूस सोबत असला तर जास्तच, कारण जिन्यावर गर्दीचा वेग तुमच्या हातात नसतो. पुढे सीएसएमटीपर्यंत चालत अर्धा तास. म्हणजे ११.२५ ला संपलेल्या सामन्यानंतर फलाटावर पाय ठेवायला १२.२५. कर्जत-कसाऱ्याकडच्या शेवटच्या गाड्या तोवर सुटलेल्या असतात. सीएसएमटीहून आधी लांबच्या गाड्या संपतात, मग जवळच्या. रात्री उशिरा उभी दिसणारी लोकल कुर्ल्यापर्यंतच असू शकते. नेमकी वेळ त्या आठवड्यात एम-इंडिकेटर ॲपवर बघा, वेळापत्रक मधूनमधून पाच-दहा मिनिटांनी सरकतं. शनिवार असल्याने रात्रीचा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का तेही बघा. पश्चिम रेल्वे बरेचदा शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री ब्लॉक घेते.

तुमच्यासाठी नियम सोपा: सीएसएमटीला बारा वाजता. त्यासाठी दुसऱ्या डावाचं सतरावं षटक संपलं की उठायचं, धावसंख्या काहीही असो. हे घरीच ठरवून घ्या. तिथे बसल्यावर तेरा वर्षांच्या मुलाशी यावर चर्चा होत नाही.

आता दादर की सीएसएमटी. गुडघे दुखत असतील तर दादरचं नाव काढू नका. दादरला सरकते जिने, लिफ्ट सगळं आहे, पण मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायला पूल ओलांडावाच लागतो, आणि परतीला डोंबिवलीची गाडी दादरला भरून येते. सीएसएमटी आणि चर्चगेट दोन्ही टर्मिनस. गाडी थांबते, फलाटावरून सरळ पुढे चालत हॉलमध्ये, एकही पायरी नाही. येतानाही रिकाम्या गाडीत आरामात बसता येतं.

सीएसएमटीहून पुढे मेट्रो ३. आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट: दोनच स्थानकं, दहा रुपये, लिफ्ट आहे. जाताना तुमच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. तिकीट वर, नेटवर्क आहे तिथेच मोबाइलवर काढून क्यूआरचा स्क्रीनशॉट ठेवा; खाली गेल्यावर नेट मिळेल या भरवशावर राहू नका.

परतीला मात्र मेट्रो विसरा. दोन्ही टोकांहून शेवटची गाडी साडेदहाला सुटते. सामना त्या वेळी दुसऱ्या डावाच्या मध्यावर असतो. कोणी परतीचंही तिकीट काढून ठेवलं तर ते पैसे गेले.

---

शीळफाटा

दोघांचे आभार. म्हणजे लोकलने गेलं तर शेवटची तीन षटकं सोडायची, आणि गाडीने गेलं तर हॉर्निमन सर्कल. वडिलांनी तिकीट हातात घेतल्यावर पहिलं विचारलं ते "शेवटचं षटक बघायला मिळणार ना?" तेव्हा गाडीकडे कल आहे. रात्री बारा-साडेबारापर्यंत 'पे अँड पार्क'वाला असतो का? आणि परतीला चर्चगेटहून हॉर्निमनपर्यंत टॅक्सी मिळेल का, की तेही चालायचं?

---

मीटर_डाउन

शेवटचं षटक बघायचं असेल तर गाडीच. त्याबद्दल वाद नको.

'पे अँड पार्क'ची चार पथ्यं. पहिलं, पावती. छापील किंवा मशीनची, तिच्यावर रस्त्याचं नाव, वेळ आणि दर पाहिजे. सामन्याच्या दिवशी शिट्टी आणि जाकीट घातलेले हौशी लोक उगवतात, शंभर-दोनशे घेतात, आणि जागा नो पार्किंगची असते. टो झाल्यावर तो माणूस सापडत नाही. जवळपास खांबावर पार्किंगचा फलक दिसत नसेल तर पैसे देऊ नका.

दुसरं, वेळ विचारा. "किती वाजेपर्यंत माणूस आहे?" हा प्रश्न गाडीतून उतरायच्या आधी. ठेकेदाराचा माणूस रात्री गेला तर गाडी तिथेच राहते, त्याने बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या मुद्द्याने.

तिसरं, दुहेरी रांग. जागा भरली की ते तुमच्या गाडीपुढे दुसरी आडवी लावून घेतात, आणि तुम्हाला सांगतात: "साहेब, हँडब्रेक काढा, न्यूट्रलला ठेवा." दिवसा हे चालतं, कारण ढकलायला माणूस हजर असतो. रात्री बाराला तो नसतो, आणि पुढच्या गाडीचा मालक हँडब्रेक ओढून अजून सामन्याचा आनंद साजरा करत असतो. म्हणून रांगेच्या टोकाची, कोपऱ्याजवळची जागा मागा. गाडीचं तोंड ज्या दिशेला जायचंय त्या दिशेला. टोकाच्या जागेसाठी दोनशे मीटर जास्त चालावं लागलं तरी चाला.

चौथं, गाडी लावल्यावर खांबाचा, दुकानाच्या पाटीचा आणि पावतीचा फोटो. फोर्टमधल्या दगडी इमारती रात्री सगळ्या सारख्याच दिसतात.

टॅक्सीचं. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, ती शीव आणि माहीमच्या अलीकडे येत नाही. काळी-पिवळीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त. म्हणजे चर्चगेट ते हॉर्निमन सर्कल मीटरने किमान भाड्याच्या आसपास, बारानंतर चाळीसच्या आसपास. प्रत्यक्षात सामना सुटल्यावर चर्चगेटच्या दारातला टॅक्सीवाला मीटर टाकत नाही, तोंडाला येईल तो आकडा सांगतो, आणि जवळचं भाडं तर नकोच असतं. त्याच्याशी हुज्जत घालत उभं राहण्यापेक्षा वीर नरिमन रोडने पूर्वेला, गर्दीकडे पाठ करून, ओव्हल मैदान संपेपर्यंत चाला. हुतात्मा चौकात मीटरवाली टॅक्सी मिळायची शक्यता बरी. आणि तिथवर आलात तर हॉर्निमन उरतो पाच-सात मिनिटांचा.

ॲपवरच्या टॅक्सीचा नाद स्टेडियमच्या दाराशी करूच नका. मोबाइलचं नेटवर्क त्या अर्ध्या तासात कोलमडलेलं असतं; पिन डी रोडवर पडते जिथे गाडीला प्रवेश नाही; चालक मरीन ड्राइव्हच्या पलीकडच्या कडेला उभा राहून फोन करतो आणि फोन लागत नाही. मग तो रद्द करतो आणि भुर्दंड तुम्हाला. यूपीआयसुद्धा तेव्हाच अडकतं. पाचशेची एक आणि शंभर-पन्नासच्या चार नोटा खिशात ठेवा. नोटाच, नाणी नको, आत नेऊ देत नाहीत.

चौघं एकमेकांपासून तुटलात तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. "गेटबाहेर" ही जागा नव्हे. चर्चगेट स्थानकाचा मुख्य हॉल चांगला: उजेड, पोलीस, आणि वडिलांना टेकायला जागा.

---

विरार_स्लो

पश्चिम रेल्वेवाल्यांसाठी जोडतो, कारण हा धागा पुढे शोधात त्यांनाही दिसेल.

चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन्हींच्या मधोमध स्टेडियम आहे, अंतर जवळपास सारखं, दहा मिनिटं. कुठे उतरायचं हे तुमच्या गेटवर ठरवा. तिकिटावर गेट क्रमांक असतो. दक्षिणेचं, म्हणजे डी रोडच्या बाजूचं गेट असेल तर चर्चगेट. उत्तरेचं, एफ-जी रोडच्या बाजूचं असेल तर मरीन लाइन्स. पूर्वेला रुळ आहेत, पश्चिमेला बॅरिकेड, त्यामुळे चुकीच्या बाजूने आलात तर वळसा लांबचा पडतो, आणि पोलीस मधूनच जाऊ देत नाहीत. बहुतेक फास्ट गाड्या मरीन लाइन्सला थांबत नाहीत, मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडावी लागते.

चर्चगेटहून चालायचा रस्ता: स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडा, जय हिंद कॉलेजकडे, मग ए, बी, सी रोड एकेक ओलांडत उत्तरेला. गर्दी त्याच दिशेला चाललेली असते. नवख्यांची एक चूक मात्र नेहमीची. वीर नरिमन रोडवरून चालताना डाव्या हाताला जे स्टेडियम लागतं ते ब्रेबॉर्न. वानखेडे उजवीकडे, आत. टॅक्सीवाल्याला नुसतं "स्टेडियम" म्हटलं तर तोही ब्रेबॉर्नला सोडू शकतो.

परतीला मात्र सगळ्यांनी चर्चगेटच. मरीन लाइन्सला गाडी चर्चगेटहून भरून येते आणि सामन्यानंतर तिच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. मरीन लाइन्सच जवळ पडत असेल तर जुनी युक्ती: चर्चगेटकडे जाणारी गाडी पकडायची, बसायचं, आणि तीच गाडी परत फिरली की बसल्या जागी घरी. पण त्यासाठी मरीन लाइन्स ते चर्चगेट असं पाच रुपयांचं तिकीट वेगळं काढा आणि घरचं तिकीट चर्चगेटपासूनचं. टीसीने पकडलं तर "एकच स्टेशन मागे गेलो होतो" हे कारण चालत नाही. शिवाय ती गाडी कुठली म्हणून परतणार ते इंडिकेटरवर बघा. कधीकधी तीच गाडी अंधेरीची होते.

मध्यरात्रीनंतर चर्चगेटहून गाड्या एक वाजेपर्यंतच आहेत, शेवटची बोरिवली. विरारची त्याआधी दहा-एक मिनिटं. मोठ्या सामन्याला कधी जादा गाडी सोडतात, पण ती जाहीर झाली असेल तरच हिशेबात धरा. बायकांच्या डब्यात रात्री नऊनंतर पोलीस असतो. एकटी प्रवास करणाऱ्या मुलींनी त्या डब्याच्या खुणेपाशीच उभं राहावं.

---

सागरी_किनारा

गाडीने येणाऱ्या पश्चिम उपनगरवाल्यांचा मुद्दा राहिला. कोस्टल रोड वरळीहून मरीन ड्राइव्हला दहा-बारा मिनिटांत आणून सोडतो खरा, पण कुठे सोडतो ते बघा: प्रिन्सेस स्ट्रीट पुलाजवळ, म्हणजे स्टेडियमच्या जरा अलीकडे. सामन्याच्या संध्याकाळी सहाच्या पुढे तिथली रांग बोगद्यात येते. आणि दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरलात की मधे बाहेर पडायला वाट नाही. ब्रीच कँडीच्या अमरसन्स बागेपाशी बाहेर पडायचा शेवटचा फाटा. तिथे येण्याआधी नकाशावर मरीन ड्राइव्ह लाल दिसत असेल तर हाजी अलीलाच उतरा.

परतीला हाच रस्ता चांगला, कारण ऑगस्ट २०२५ पासून तो चोवीस तास उघडा आहे. "बारा वाजता बंद होतो" हे अजून लोक सांगतात, ते जुनं झालं.

गाडी अर्ध्यावर ठेवायची असेल तर दादर पश्चिमेला कोहिनूर स्क्वेअरमधलं महापालिकेचं सार्वजनिक वाहनतळ. दादर स्थानक तिथून दहा-बारा मिनिटं चालत. पूर्वेकडून तिथे येणाऱ्यांनी लक्षात घ्या, एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे आणि त्याचा बराच भार टिळक पुलावर आहे. वाहनतळ रात्री किती वाजता बंद होतं ते आत शिरतानाच विचारा.

---

किक_स्टार्ट

दुचाकीवाल्यांना कोणी मोजत नाही म्हणून लिहितो. कोस्टल रोड, सी लिंक, अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल, चारही ठिकाणी दुचाकी बंद. नकाशाचं ॲप 'कार'वर ठेवलेलं असेल तर ते बिनदिक्कत तुम्हाला कोस्टल रोडवर घालतं, आणि तोंडाशी पोलीस उभा असतो. 'बाइक'वर करा, पेडर रोडने या.

हेल्मेट आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायला अधिकृत जागा नाही. गेटबाहेर टपरीवाला पन्नास-शंभर घेऊन ठेवतो, पण सामना संपेपर्यंत तो तिथे असेल याची हमी कोण देणार? सायकलचं वायरवालं कुलूप घ्या, हेल्मेटच्या हनुवटीजवळच्या फटीतून काढून गाडीच्या चाकाला अडकवा. पट्ट्यातून नको, पट्टा कापता येतो.

---

एकमार्गी

वरच्या हेल्मेटवरून आठवलं, ही यादी चौघांसाठीही आहे. बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, नाणी, छत्री, घरचं खाणं, अत्तराची बाटली: गेटवर काढून टाकायला लावतात, परत मिळत नाही. सामान ठेवायची खोली नाही. गाडी हॉर्निमनला असेल तर सगळं डिकीत ठेवून यायचं, खिशात फोन, तिकीट, चावी, नोटा. वडिलांची औषधं असतील तर गोळ्यांचं पाकीट मूळ वेष्टनात आणि सोबत चिठ्ठी. सुट्या गोळ्यांच्या डबीवरून वाद होतो.

मोबाइल पूर्ण चार्ज करून आणा, कारण पॉवर बँक नाही आणि तिकीट फोनवरच असतं.

---

मोटरमन_शेजारी

गाडीने येणार म्हणालात म्हणून एक बदल सुचवतो. पाचच्या आत हॉर्निमनला गाडी लावा, मग हुतात्मा चौकातून मेट्रोने एक स्थानक चर्चगेट. वडिलांचं पाऊण किलोमीटर वाचतं, ते परतीसाठी राखून ठेवा, कारण परतीला मेट्रो नाही. मेट्रोतून वर येताना सरकत्या जिन्याच्या मागे न लागता लिफ्टची पाटी बघा. ती बहुधा दुसऱ्या तोंडाला असते, पन्नास पावलं जास्त पडतात.

आत गेल्यावर आसनाच्या पायऱ्या मात्र टळत नाहीत. वरच्या मजल्याचं तिकीट असेल तर दार उघडल्या-उघडल्या चढा, दर जिन्यावर थांबता येतं. सव्वासातला मागचे थांबू देत नाहीत.

---

शीळफाटा

तिकीट बघितलं, खालचा मजला आहे, गेट डी रोडच्या बाजूचं. साडेतीनला डोंबिवली सोडतो, मुक्त मार्गाने हॉर्निमन, टोकाची जागा, हुतात्मा चौक ते चर्चगेट मेट्रो. परतीला सगळे वीर नरिमन रोडने पूर्वेला चालत, ओव्हलपाशी वडील थकले तर टॅक्सी. पोलिसांची अधिसूचना आली की इथे चिकटवतो, रस्त्यांत बदल दिसला तर सांगा.